लग्नातून काढलेले चेहरे

श्रावण लागला की माझा फोन वाजायचा थांबतो. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. फोटो मी काढत नाही. ते फोटोग्राफर काढतात आणि हार्ड डिस्क माझ्याकडे पाठवतात. एका लग्नाचे हजारो फोटो असतात. त्यातले घरच्यांनी निवडलेले मी पानांवर मांडते, रंग सुधारते, नवरीच्या मागे रिकामं ताट घेऊन उभा राहिलेला माणूस पुसते आणि अल्बम छापायला पाठवते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. उन्हाळ्यातलं राहिलेलं काम थोडे दिवस पुरतं, मग टेबल रिकामं.

टेबल म्हणजे जळगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा. खिडकीतून मला गल्ली दिसायची आणि गल्लीला मी. रिकाम्या दिवसांत याचाच त्रास जास्त. समोरच्या काकू ओट्यावर भाजी निवडत बसायच्या आणि मी त्यांच्या नजरेसमोर काम नसताना माउस हलवत राहायची. जुना एखादा अल्बम उघडायचा, नवरीच्या शालूचा रंग जरासा बदलायचा, पुन्हा होता तसा करायचा. काकू आईला म्हणायच्या, "तुमची पोरगी फार कष्टाळू बाई." आई हसायची. तिला माहीत होतं.

हे काम मला का आवडायचं ते सांगणं अवघड आहे. लहानपणापासून मी लग्नात भिंतीला धरून उभी राहणारी. शाळा इंग्रजी. गावाकडच्या लग्नात बायका अहिराणीत काही विचारायच्या, मला सगळं कळायचं, पण उत्तर पुस्तकी मराठीत निघायचं आणि त्यांना तो माझा ताठा वाटायचा. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. फोटोंतल्या माणसांकडे मात्र मला हवा तितका वेळ बघता येत होतं, आणि त्यांच्यातलं कुणी उलटून माझ्याकडे बघत नव्हतं. मानपानात काही बिनसलं असेल तर ते वरमाईच्या ओठांवर दिसतं. कोणता भाऊ कोणत्या भावाशेजारी जेवायला बसायचं टाळतो तेही पंगतीच्या फोटोंत दिसतं. मी ते सगळं बघायची आणि जे छापायचं नाही ते बाजूला ठेवायची.

पहिल्या वर्षी त्या महिन्यांना मी सुट्टी समजले. दुसऱ्या वर्षी घाबरले. मैत्रीण म्हणाली, सोशल मीडियावर दिसायला हवं, म्हणून रील्स केल्या. त्यात माझा चेहरा नव्हता, फक्त हात होते. बारशाचे अल्बम करून देईन असं जाहीर केलं. जोडप्याचं चित्र छापलेले चहाचे मग करून पाहिले. ते आत्याने घेतले, मावशीने घेतले, आणि उरलेल्यांत आई अजून डाळ-तांदूळ मोजते.

तिसऱ्या वर्षी वडिलांनी विषय काढला. ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहेत. नवा कापूस येईपर्यंत जिनिंगही बंदच असते, पण पावसाळाभर ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून तिथे जातात. आईने एकदा विचारलं होतं, "मशीन बंद, माणसं नाहीत. दिवसभर करता काय हो तिथं?" ते म्हणाले होते, "बसतो." त्यामुळे ते मला बोलतील असं मला वाटलं नव्हतं. पण पुण्याहून भावाचा फोन आला होता. त्याच्या कंपनीत डिझाइनचं काम करणारी माणसं हवी होती, दिवाळीनंतर रुजू व्हायचं होतं.

"बाराही महिने चालेल असं काही दाखव," वडील म्हणाले, "मग माझी ना नाही. पण निम्मं वर्ष असं खिडकीत बसून काढायचं असेल तर दिवाळीनंतर पुण्याला जा."

पुण्याला मला जायचं नव्हतं. एकदा भावाचं ऑफिस बघून आले होते. लांबच लांब टेबल, सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं. तिथे मला कुणी वाईट वागवलं नसतं. पण मला तिथे रोज दिसावं लागलं असतं. म्हणजे दिवाळीपर्यंत बारा महिन्यांचं काम शोधायचं, नाहीतर टेबल आवरायचं.

गणपती उठले, पितरपाटा म्हणजे पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात नवं काही कुणी घेत नाही, ठरवत नाही. अशाच एका दुपारी साठीच्या आसपासचे एक गृहस्थ दारात आले. धुळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून आले होते. हातात उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. सोडलं तर मीच केलेला अल्बम निघाला.

"ताई, हाऊ आल्बम तुम्हीच करेल शे ना? शेवटला पानवर तुम्हना नंबर शे."

मी हो म्हटलं.

"मना मोठा भाऊ गया." त्यांनी अल्बमवर हात ठेवला. "त्यासना एकबी धड फोटू नही शे. आधारवर शे, पन तठे चोरसारखा दिखतस. लगीनमा शे. पोऱ्याना लगीनमा नाचनात ते."

मला त्यांचा भाऊ आठवत होता. नवरदेवाचे वडील. मुलाच्या हळदीत फेटा तिरका झालेला, गाल पिवळे, कुणीतरी काहीतरी बोललंय आणि ते तोंड उघडून हसतायत, मुलाचा हात खांद्यावर. तो फोटो मी अर्ध्या पानावर लावला होता. बाकी फोटोंत ते कुठे पाठमोरे, कुठे कुणाच्या मागे, कुठे खाली वाकून कुणाच्या तरी पाया पडताना. कॅमेऱ्याकडे तोंड असलेला हा एकच, आणि एक मंगलाष्टकांच्या वेळचा, कडेने घेतलेला.

गृहस्थ शेजारी खुर्चीवर बसले आणि मी कामाला लागले. हळद काढली. अक्षता काढल्या. फेटा काढला, मग फेट्याखाली केस कसे होते ते विचारावं लागलं.

"केस?" ते म्हणाले. "केस कोठे व्हतात? टक्कल व्हतं बठ्ठं. म्हनीसन तर फेटा सोडेत नही."

खांद्यावरचा मुलाचा हात काढला. त्या जागी शर्ट जोडला. मागे मंडपाचं लाल कापड होतं, तिथे आकाशी रंग भरला. झालं असं मला वाटलं. ते पुढे वाकून बघत होते.

"ताई, हासू थोडं कमी करी द्या ना."

मला नीट कळलं नाही.

"दात दिखतस. भिंतवर हासेल फोटू बरा नही दिखस. पाहुना येतीन, काय म्हनतीन?"

ओठ मी मंगलाष्टकांच्या फोटोतून आणले. त्यात ते मुठीत अक्षता धरून गंभीर उभे होते. ओठ बसले, पण डोळे हसतच राहिले. मग डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या थोड्या पुसल्या, गाल थोडे उतरवले. एक एक करत गेले आणि शेवटी स्क्रीनवर जो माणूस राहिला त्याला मी ओळखत नव्हते. त्यांच्याशी माझी ओळख ती किती, एका अल्बमपुरती. हे ते नाहीत असं सख्ख्या भावाला मी काय सांगणार? तेही बराच वेळ बघत राहिले.

"हा," ते म्हणाले. "आते बरोबर." आणि उपरण्याने डोळे पुसले.

दोन गल्ल्या सोडून एक फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे, पुढाऱ्यांचे, श्रद्धांजलीचे फलक तिथे छापतात. मालकांना सगळे नाना म्हणतात. तो फोटो फलकासाठी त्यांच्याकडेच गेला आणि दुसऱ्या दिवशी नाना स्वतः आमच्याकडे आले. दारात उभे राहून त्यांनी आधी आईशी शेवग्याच्या शेंगांवर गप्पा मारल्या, मग माझ्याकडे वळले.

"पोरी, ते टक्कल तू केलं?"

मी मान हलवली.

"चांगलं केलं. आमच्या दुकानात माणूस कापला की कान राहत नाही. परवा एका आजीबाईला नथीसकट कापली, लोक भांडायला आले." त्यांनी चप्पल काढली, बसले. "माझ्याकडं रोज कुणी ना कुणी येतं. तू फक्त तोंडं करून दे. याला सीझन नाही बघ. माणसं मुहूर्त बघून मरत नाहीत."

आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी हो म्हटलं, इतक्या पटकन की माझं मलाच नवल वाटलं.

मग त्या पंधरवड्यात टेबल कधी रिकामं राहिलं नाही. लोक जे फोटो आणायचे ते जवळजवळ सगळे कुठल्या ना कुठल्या लग्नातले. एरवी चांगले कपडे घालून कॅमेऱ्यासमोर उभं राहायची वेळ त्या माणसांवर आलीच नव्हती. कुणाच्या गळ्यात व्याह्याने घातलेला हार, कुणाच्या हातात आहेराचं पाकीट, कुणी स्टेजवर चौदा जणांत शेवटून दुसरं. मी हार काढायची, पाकीट काढायची, शेजारच्यांचे खांदे काढायची. बहुतेकांना हसू नको असायचं. फक्त बोदवडहून आलेली एक माझ्याच वयाची मुलगी म्हणाली, "आईचं तोंड बंद नका करू हं. तोंड बंद ठेवून बसलेली आम्ही तिला कधी पाहिलीच नाही. बाबा तर ओळखणारच नाहीत." आणि ती हसली, मग हसताना थांबली, आणि मी ते तोंड होतं तसंच ठेवलं.

एक गोष्ट मला लवकर कळली. ही माणसं मला काही विचारत नाहीत. लग्नवाले प्रूफ बघायला आले की आधी घर बघायचे, मग मला: "तुमचं कधी करायचं मग?" मेलेल्या माणसाचा फोटो घेऊन आलेल्यांना माझ्यात रस नसतो. ते स्क्रीनकडे बघतात. मी शेजारी असते, नसल्यासारखी. मला ते बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याचं वाईटही वाटायचं.

आईला हे अजिबात पसंत नव्हतं. ती स्पष्ट बोलत नसे. संध्याकाळी दिवा लावताना पुढच्या खोलीत यायची आणि माझ्या स्क्रीनवर टॉवेल टाकायची. एकदा म्हणाली, "लग्नाची मुलगी आहे घरात. बघायला लोक येतील, आणि टेबलावर हे."

"मग काय करू? पुण्याला जाऊ?"

"तसं कुठं म्हणतेय मी," ती म्हणाली आणि टॉवेलची घडी सारखी केली.

माझं निम्म्याहून जास्त लग्नाचं काम धुळ्याच्या एका फोटोग्राफरकडून यायचं. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला ताई. वयाने ते माझ्या वडिलांपेक्षा थोडेच लहान असतील. मला सुरुवातीचं काम त्यांनीच दिलं होतं. पितरपाटा संपता संपता त्यांचा फोन आला. "ताई, एकदा येऊन जा. फोनवर नको."

एसटीने गेले. एरंडोल, पारोळा, दोन्हीकडे कपाशी. आग्रा रोडच्या एका गल्लीत त्यांचा स्टुडिओ आहे. ते काउंटरवर शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो कापत बसले होते. पावसाळ्यात त्यांना ते काम असतं. समोर लहान लहान डोकी ओळीने मांडलेली. त्यांनी चहा मागवला, एसटीला गर्दी होती का विचारलं, वडिलांची तब्येत विचारली. मग कात्री खाली ठेवली.

"फैजपूरची पार्टी तुमच्याकडं आली होती ना, प्रूफ बघायला?"

आली होती. उन्हाळ्यात लागलेलं लग्न, अल्बम राहिला होता.

"नवरीच्या आईचा फोन आला मला. म्हणे, टेबलावर कुणाचा तरी गंधमुक्तीचा फोटो होता. आमच्या पोरीच्या अल्बमशेजारी."

गंधमुक्ती म्हणजे आमच्याकडे सुतक फिटून पुन्हा कपाळाला गंध लावायचा दिवस. त्या कार्यक्रमाला मोठा फोटो लागतो. तो फोटो त्या दिवशी खरंच टेबलावर होता. मला तो उलटा ठेवायचं सुचलं नव्हतं.

"मी पुढं काळजी घेईन," मी म्हटलं.

"ताई, काळजीचं नाही. एकाच हातानं दोन्ही नको, असं म्हणता लोक. मी मानत नाही. पण माझी पार्टी मानते."

मी सहसा वाद घालत नाही. त्या दिवशी घातला. म्हटलं, "भाऊ, मंडपवाला ज्या खुर्च्या लग्नाला देतो त्याच दशक्रियेला देतो. आचारी तोच, भांडी तीच. त्यांना कुणी काही म्हणत नाही."

"खुर्चीला तोंड नसतं, ताई."

ते पुन्हा कात्री घेऊन कापायला लागले. कापता कापता सांगितलं की कार्तिकापासूनच्या तारखा भरत आल्यात, यंदा काम भरपूर आहे, सगळं मला द्यायची त्यांची इच्छा आहे. पण हे दुसरं बंद करायचं. नाहीतर सुरतला एक जण आहे, तो करतो. "दसऱ्यापर्यंत सांगा. घाई नाही."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सकाळी पितरांची घागर भरतात आणि त्याच दिवशी संध्याकाळी लग्नंही लागतात, हे मला तेव्हा सुचलं. सुचून उपयोग नव्हता, गाडी पारोळ्याच्या पुढे आली होती. आणि भाऊ काय म्हणाले असते ते मला माहीत होतं.

मी लग्नं निवडली. मला तेच काम येत होतं, त्याच्यासाठी टेबल मांडलं होतं. नानांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पोरी," आणि एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फलकाकडे वळले. टेबलावरचे श्रद्धांजलीच्या फोटोंचे नमुने मी काढले, टेबल पुसलं. आई खूश दिसत होती. नवरात्र बसलं, समोरच्या काकूंच्या घरी घट बसले, आणि मी पुन्हा माउस हलवत बसले. हळदीची पानं, मेंदीची पानं, जुन्यावरून नवी करायची. कुणाची तरी पाठवणी उघडून तिचे रंग बदलायचे.

या दिवसांत लोक येत राहिले. नानांनी पाठवलेले नव्हे, ऐकून आलेले. मी दारातच सांगायची, आता करत नाही. ते वाद घालायचे नाहीत. फोटो परत पिशवीत ठेवायचे, पिशवीचं तोंड नीट दुमडायचे आणि जायचे. त्यांना जाताना बघणं मला जमत नव्हतं, म्हणून मी आधीच आत वळायची.

एका रात्री जेवताना वडील म्हणाले, "नानांचं काम सोडलंस म्हणे."

"हो. धुळ्याचं काम भरपूर येणार आहे."

"कधीपर्यंत?"

"जूनपर्यंत."

त्यांनी भाकरी मोडली, ताकात बुडवली. "आणि पुढच्या श्रावणात?"

रागाने विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ताटातल्या मिरचीचं देठ काढत बसले. आई माझ्याकडे बघत होती. पुढच्या श्रावणात मी खिडकीत बसून कुणाच्या तरी शालूचा रंग बदलत असेन, आणि त्याच्या पुढच्याही. किंवा पुण्यात असेन. लग्नाचं काम कितीही चांगलं केलं तरी पंचांग बदलणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट मी तीन वर्षं मनात येऊ दिली नव्हती. प्रत्येक वर्षी मला वाटायचं की मीच कुठेतरी कमी पडतेय.

दुसऱ्या दिवशी मी नानांच्या दुकानात गेले. त्यांनी लगेच दोन फोटो काढून दिले. "ह्यांना चष्मा ठेव. आणि ह्या बाईचं कुंकू जरा मोठं कर, सवाष्ण गेली." दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुळ्याला फोन करून सांगितलं, नानांचं काम सोडणार नाही. मला वाटलं होतं भाऊ रागावतील, किंवा समजूत काढतील. ते म्हणाले, "बघा ताई, तुमचा निर्णय." मग त्यांनी फोन ठेवला.

भाऊबीज झाल्यावर ते स्वतः हार्ड डिस्क न्यायला आले. कापडी पिशवीत त्यांनी त्या मोजून ठेवल्या, प्रत्येकीवर त्यांच्याच अक्षरात वर्ष होतं. चहा घेतला. आईला म्हणाले, चिवडा छान झालाय. दारात चपला घालताना मला म्हणाले, "आमच्या धंद्याचं एक आहे ताई. हजार लग्नं केली, पण एकाही फोटोत आम्ही नाही. आमची वेळ आली तर तुम्ही कुठून शोधाल?" आणि हसले. मीही हसले, पण मला हसू नीट आलं नाही. ते गेल्यावर मागे कपाट अर्धं रिकामं झालं होतं.

वडिलांनी पुण्याला माझ्या भावाला कळवलं की ती येत नाही. मला एवढंच म्हणाले, "चालतंय ना काम?" मी म्हटलं, "चालतंय." जे मला हवं होतं ते मिळालं होतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता.

आईने एक अट घातली: पुढच्या खोलीत नाही. मागे एक अरुंद खोली होती, तिथे धान्याच्या कोठ्या, उन्हाळ्यातले पापड-कुरडयांचे डबे, जुनी शिलाई मशीन. एका रविवारी वडिलांनी आणि मी कोठ्या सरकवल्या, टेबल आत आणलं. त्या खोलीला मागच्या बोळात उघडणारं दार आहे. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसते, पाइपावरून उतरलेल्या पाण्याचा काळा पट्टा दिसतो. नानांनी लोकांना सांगितलं, मागून जा. पुढच्या खोलीत आईने सोफ्याची खोळ बदलली.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात बँडचे आवाज सुरू झाले. माझ्या खोलीत ते लांबून यायचे, भिंतीतून आल्यासारखे. भाऊंच्या तारखा आता चालू झाल्या असतील, सुरतच्या माणसाकडे डिस्क जात असतील, असं मनात यायचं. मी तो विचार लवकर सोडून द्यायचा प्रयत्न करायची. नेहमी जमायचं असं नाही.

मार्गशीर्षात मला बघायला भुसावळचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, काका. मी पोहे दिले, चहा दिला, सांगितलं तिथे बसले. मुलाच्या आईने विचारलं, "काय करते मुलगी?"

"कॉम्प्युटरचं," आई म्हणाली. "घरूनच. डिझाइन."

"अरे वा," काका म्हणाले. "मग लग्नपत्रिका घरचीच."

सगळे हसले. तेवढ्यात कुणीतरी पुढच्या दाराची कडी वाजवली. आई उठून गेली. दार अर्धवटच उघडलं, पण मला सोफ्याच्या कडेवरून दिसत होतं. एक म्हातारी आणि तिच्याबरोबर एक बाई, तिची सून असावी. म्हातारीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत फोटो होता. पहूरहून आलोय म्हणाल्या, नानांनी पत्ता दिला.

"मागून या," आई हळू आवाजात म्हणाली. "मागच्या दारानं. आज नाही, उद्या या."

म्हातारीने दाराबाहेरच्या चपला बघितल्या. नव्या, पॉलिश केलेल्या, रांगेत. तिच्या लक्षात आलं. ती एकदम दोन पावलं मागे सरली, पायरीवरून उतरली, पिशवी पदराखाली घेतली. "घरात शुभकार्य आहे का माय? आमच्या ध्यानातच नाही आलं. चुकलं बरं." सून तिला धरून उभी राहिली. पहूरहून येऊन त्या आता परत जाणार होत्या.

मी मांडीवरचा ट्रे टीपॉयवर ठेवून उठले. पाहुण्यांकडे न बघता म्हणाले, "माझं काम आलंय. येते." माझा आवाज मला फार मोठा वाटला, पण बहुतेक तो कुणाला नीट ऐकूही गेला नसेल. आईच्या बाजूने दारातून बाहेर पडले. आईने माझ्या साडीचा पदर धरल्यासारखा केला आणि सोडला.

मागची गल्ली त्यांना माहीत नव्हती. मी म्हातारीचा हात धरून तिला बोळातून आणलं. गटारावरच्या फरशीपाशी ती घाबरली, तेव्हा थांबलो. मागचं दार उघडलं, दिवा लावला, कोठीवर गादी टाकून तिला बसवलं. तिने पिशवीतून फोटो काढला. कुठल्या तरी लग्नाच्या स्टेजवरचा, पंधरा-वीस माणसांचा. मी तो स्कॅनरवर ठेवला, मोठा केला आणि विचारलं, यातले कोणते. तिने स्क्रीनला बोट लावलं, कडेच्या एका माणसावर. पांढरी टोपी, डोळ्यांवर जाड चष्मा, काचेत फ्लॅशचा ठिपका.

पुढच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग दारात चपलांचा. पाहुणे निघाले होते. आईने मला हाक मारली, एकदा, फार मोठ्याने नाही.

मी उठले नाही. म्हातारीला विचारलं, "आजी, चष्मा ठेवायचा ना?"